दोन गोळ्यांनंतर बीपी खाली गेला तर

वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन आटोपले की आम्ही तासभर बीपी मोजायला बसतो. मागच्या खेपेला एक मावशी मशीनपुढे बसल्या. दीड वर्षापासून त्यांचा बीपी १६० च्या खाली उतरत नव्हता. त्या दिवशी मशीनने ९२/५८ दाखवले. आम्हाला वाटले, मशीनच बिघडली. दुसऱ्या मशीनने, दुसऱ्या दंडावर मोजला, तरी तेवढाच. मग मावशी म्हणाल्या, "तरीच बाई, सकायी उठली का डोयापुढं अंधारी येते. परवा न्हाणीत पडता पडता वाचली."

आम्ही गोळ्यांची पिशवी मागवली. तिच्यात सरकारी दवाखान्यातली अम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन अशी दोन पाकिटे होती आणि एका खासगी दवाखान्यातून लिहून आणलेले तिसरे, वेगळ्याच नावाचे. त्या तिसऱ्या पाकिटामागे बारीक अक्षरात तीच दोन औषधे लिहिलेली आणि वर क्लोरथॅलिडोन. म्हणजे पंधरा दिवस मावशी दोन औषधे दुप्पट घेत होत्या, तिसरे वेगळेच. तिथे कोणी विचारले नाही की आधी काय चालू आहे, आणि मावशींनीही सांगितले नाही. सरकारी गोळी घेतो म्हटले तर डॉक्टर रागावतील, अशी भीती. ही भीती आपल्या वस्त्यांत फार जुनी आहे. दवाखान्यात तोंड उघडायचे नाही, सांगतील ते घ्यायचे. ती मोडायलाच हवी, कारण आजारी माणसाला ती महागात पडते.

असे प्रकार पाहिले की लोक म्हणतात, "दोन-दोन गोया देल्ल्या म्हून असं झालं." तसे नाही. दोन औषधे देण्यात चूक नसते. अम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते. टेल्मिसार्टन शरीरातल्या, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या रसायनाला अडवते. क्लोरथॅलिडोन जास्तीचे मीठ आणि पाणी लघवीवाटे काढते. एकाच औषधाचा डोस वाढवत नेला तर त्रास वाढतो. अम्लोडिपिन जास्त झाली की पाय सुजतात, हे बऱ्याच घरांत पाहिलेले असेल. थोड्या डोसात दोन औषधे दिली तर बीपी चांगला उतरतो आणि टेल्मिसार्टन जोडीला असली की पायाची सूजही कमी राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा संयुक्त गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातल्या. आपल्या देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला आणि महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत आपल्या शेजारचा वर्धा होता. एका औषधाने भागले नाही की दुसरे, मग तिसरे, अशा ठरलेल्या पायऱ्यांनी त्यात उपचार चालतो.

आता 'लो' कशाला म्हणायचे ते पाहू. वर्षानुवर्षे १७०-१८० वर राहिलेल्या माणसाचा बीपी १२५ वर आला की त्याला गळल्यासारखे होते, अंगात त्राण नाही असे वाटते. शरीराला वाढलेल्या दाबाची सवय झालेली असते. दोन-तीन आठवड्यांत हे बहुतेकांचे निवळते. ही 'लो'ची तक्रार नव्हे, यासाठी गोळी सोडायची नाही. साधारण ९०/६० च्या खाली आकडा गेला तर तो कमी समजतात. पण आकड्यापेक्षा फरक जास्त बोलतो. बसून मोजला तेव्हा ११८ आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत ९२, सोबत डोळ्यांपुढे अंधारी, तर बसलेला आकडा चांगला दिसला तरी डॉक्टरांना सांगायलाच हवे. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरणे म्हणजे इशारा. म्हणून म्हाताऱ्या माणसांचा बीपी आम्ही उभे करूनही मोजतो. मांडीचे हाड मोडले की घर वर्षभर मागे जाते.

मोजताना पाच मिनिटे शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, लघवी करून आलेले, आणि बोलायचे नाही. सुनेची तक्रार सांगता सांगता मोजलेला बीपी आम्ही धरत नाही.

आपल्या भागात आकडा अचानक खाली जायची कारणे बहुतेक घरातली आणि शेतातली असतात. यवतमाळचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. घामाने पाणी जाते, वरून लघवीची गोळी आणखी पाणी काढते. कापूस वेचणाऱ्या, निंदणाऱ्या बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण शेतात लघवीला आडोसा नसतो. वाकून-उठून काम आणि शरीर कोरडे, मग उठता-उठता गरगरणारच. हा प्रश्न गोळीचा कमी आणि बाईला आडोसा नसण्याचा जास्त आहे. पौर्णिमेला उपोसथ करणाऱ्या उपासिकांनी दुपारनंतर जेवण सोडले तरी पाणी सोडू नये. विहारात तासभर सतरंजीवर बसून वंदनेला एकदम उभे राहू नका. आधी गुडघ्यावर या, भिंत धरा, मग उठा. दारूने गोळीचा परिणाम वाढतो. पाचवे शील पाळणाऱ्यांना हे लागू नाही, पण घरोघरीचे खरे आम्हालाही ठाऊक आहे. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही बीपी उतरतो, तेव्हा काकाजींनी लाजू नये, सांगावे.

हगवण-उलट्या लागल्या की मात्र थांबू नका. ओआरएस सुरू करा आणि त्याच दिवशी उपकेंद्रात विचारा की लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन त्या दिवसांत घ्यायची की थांबवायची. शरीर कोरडे असताना या दोन औषधांसोबत दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी पोटात गेली तर किडनीला इजा होऊ शकते. आणि बाळाचा विचार करणाऱ्या लेकी-सुनांनी टेल्मिसार्टन चालू असेल तर आधीच सांगावे. गरोदरपणात ती चालत नाही.

फवारणीच्या दिवसांत आणखी एक धोका असतो. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. बीपीची गोळी घेणारा भाऊ फवारून आला आणि त्याला चक्कर आली, तर "गोयी जास्त झाली" म्हणून झोपवून ठेवू नका. तोंडाला लाळ, डोळ्यांत पाणी, दरदरून घाम, उलट्या, बारीक झालेली बाहुली, अंगात फडफड, यांतले काही दिसले तर कपडे काढा, साबणाने धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या.

साधी चक्कर असेल तर आडवे करा, पाय उंच ठेवा, पाणी द्या. शुद्ध हरपली, छातीत दुखले, बोलणे अडखळले, एक बाजू लुळी पडली तर थेट दवाखाना. रोज मीठपाणी देऊन आकडा वर ढकलू नका.

गोळी स्वतःहून बंद करण्यात एक फसवणूक आहे. अम्लोडिपिन शरीरात बरेच दिवस रेंगाळते. चार दिवस सोडली तरी आकडा बरा दिसतो, माणूस म्हणतो, "पाहा, गोयीची गरजच नव्हती." पुढे तो हळूहळू चढतो आणि लकवा मारतो तेव्हा कळते. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, क्लोनिडीन यांसारख्या गोळ्या एकदम तोडल्या तर बीपी उसळून येऊ शकतो. कमी करायच्या असतील तर डॉक्टर करतील.

मावशींचे काय केले? त्याच दिवशी तिन्ही पाकिटे घेऊन त्यांच्यासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. १५ ऑगस्ट २०२३ पासून तिथे केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. डॉक्टरांनी खासगी पाकीट बंद केले, जुन्या दोन गोळ्या ठेवल्या आणि आठवड्याने बोलावले. दोन आठवड्यांनी बसून १२८/७८, उभे राहून १२२. सरकारी पाकिटांवर त्यांच्या नातीने स्केचपेनने सूर्य काढून दिला आहे, सकाळी घ्यायची म्हणून. पुढच्या रविवारी विहारात येताना तुम्हीही घरातली सगळी पाकिटे, रिकामी झालेलीसुद्धा, पिशवीत घालून आणा.