शेतात सापडणाऱ्या अनोळखी वस्तू : शेतकरी हाच पहिला साक्षीदार

खोल नांगरट, विहिरीची खोदाई, शेततळे, जमिनीचे सपाटीकरण ही कामे चालू असताना कधी कधी अनपेक्षित वस्तू वर येतात. त्यांत घडवल्यासारखा दिसणारा दगड असतो, रंगीत खापरे असतात, हाडासारखा पण दगडाइतका जड तुकडा असतो, तर क्वचित धातूची आकृतीही असते. अशी वस्तू बहुधा बांधावर फेकली जाते, देव्हाऱ्यात ठेवली जाते किंवा भंगारात जाते. यांपैकी काहीही केले, तरी तिच्याविषयीची सर्वांत मौल्यवान माहिती नष्ट होते. ही माहिती वस्तूपेक्षा तिच्या भोवतालच्या मातीत अधिक असते. पुढील तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

एन्नोरला मिळणाऱ्या नदीचे खोरे

चेन्नईच्या उत्तरेस असलेले एन्नोर आज बंदर आणि औष्णिक वीजकेंद्रांमुळे परिचित आहे. तेथील खाडीतून कोसस्तलैयार नदी बंगालच्या उपसागरास मिळते. या नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर गेल्यास तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील शेतीचा प्रदेश आणि 1944 मध्ये पूर्ण झालेला पूंडी जलाशय लागतो. त्याच परिसरात अत्तिरम्पाक्कम हे लहानसे गाव आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील अधिकारी रॉबर्ट ब्रूस फूट यांना 30 मे 1863 रोजी चेन्नईजवळील पल्लावरम येथे एक दगडी हातकुऱ्हाड मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी विल्यम किंग यांनी अत्तिरम्पाक्कमच्या परिसरात अशीच हत्यारे शोधली. पावसाच्या पाण्याने पडलेल्या घळींत क्वार्टझाइट दगडाची ही हत्यारे उघडी पडली होती. पुढे 1999 पासून शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे पद्धतशीर उत्खनन केले. हत्यारे ज्या थरांत गाडली गेली होती, त्यांच्या अभ्यासातून सर्वांत जुनी हत्यारे सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीची असल्याचा निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. दगड पृष्ठभागाखाली किती काळ गाडलेला होता, हे त्यातील विशिष्ट अणूंच्या प्रमाणावरून आणि थरांच्या चुंबकीय गुणधर्मांवरून ठरविण्यात आले. असे कालमापन केवळ जागेवर, मूळ थरात असलेल्या हत्यारांचेच होऊ शकते. घळीतून उचलून घरी आणलेली हातकुऱ्हाड तितकीच जुनी असू शकते. परंतु तिचे वय सिद्ध करता येत नाही.

हातकुऱ्हाड ओळखणे फारसे कठीण नाही. नदीतला गोटा सर्व बाजूंनी गुळगुळीत असतो. हातकुऱ्हाडीच्या दोन्ही बाजूंवर ठोकून कपचे काढल्याच्या उथळ, चमच्यासारख्या खुणा असतात. आकार साधारणपणे बदामासारखा असून एक टोक निमुळते असते. नांगराच्या फाळाने लागलेला टवका एखाददुसराच आणि ताज्या रंगाचा असतो.

येथे विस्तार कार्यकर्त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. शेतात दर पावसाळ्यानंतर नवनवे दगड किंवा खापरे पृष्ठभागावर दिसू लागली, तर त्या वस्तू वर आलेल्या नसून त्यांवरील माती वाहून गेलेली असते. म्हणून अशी जागा मृद्संधारणाच्या दृष्टीनेही तपासावी.

दायमाबाद : मोठा ठेवा, अपुरा संदर्भ

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद ही ताम्रपाषाणयुगीन वसाहत आहे. तिचा शोध 1958 मध्ये लागला. 1974 मध्ये तेथील एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार ब्राँझच्या आकृती मिळाल्या : बैलजोडी जुंपलेला रथ व त्यावर उभा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे एकत्रित वजन 60 किलोग्रॅमहून अधिक आहे. भारतीय धातुकलेच्या इतिहासात हा ठेवा अद्वितीय मानला जातो.

दायमाबादला एकावर एक अशा पाच संस्कृतींचे थर आहेत. या आकृती त्यांपैकी कोणत्या थरातील, हे मात्र त्या पद्धतशीर उत्खननात न मिळाल्याने थेट नोंदले गेले नाही. उत्खननकर्ते शां. अ. साळी यांनी त्या उत्तर हडप्पा काळाशी जोडल्या; धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून इतर संशोधकांनी त्याविषयी शंका घेतली. शेतकऱ्याने यात कोणतीही चूक केली नाही. काय नोंदवावे हे त्याला सांगणारेच कोणी नव्हते. ती उणीव आज विस्तार कार्यकर्ते भरून काढू शकतात.

महाराष्ट्रातील अनेक गावांजवळ जुन्या वस्तीची पांढरी टेकाडे आहेत. राख, शेण आणि हाडांचे अवशेष मिसळल्यामुळे ही माती सुपीक असते, म्हणून ती खत म्हणून शेतात पसरण्याची प्रथा आहे. या प्रथेमुळे प्राचीन वसाहतींचे थर कायमचे विस्कटतात. सेंद्रिय पदार्थांची गरज कंपोस्ट, गांडूळखत व हिरवळीच्या खतांतून भागविता येते. विस्कटलेला थर पुन्हा रचता येत नाही.

पिसदुरा : अश्मीभूत शेणातील गवत

तिसऱ्या उदाहरणाचा शेतीशी थेट संबंध आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात पिसदुरा या गावाच्या परिसरात गोलसर, जड दगड मिळतात. ते डायनोसॉरच्या काळातील प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा आहे. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्यांतील सिलिकाचे सूक्ष्म वनस्पतिकण तपासले. भाताच्या तुसात व पेंढ्यात जी सिलिका असते, तीच गवतवर्गीय वनस्पतींच्या पेशींत विशिष्ट आकाराचे कण बनवते. वनस्पती कुजली तरी हे कण टिकतात. साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या या विष्ठेत गवताचे कण आढळल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. डायनोसॉर असताना गवते फारशी नव्हती, ही तोवरची समजूत त्यामुळे बदलली. 2011 मधील पुढील अभ्यासात भाताच्या कुळाशी जवळीक असलेले कणही नोंदले गेले. शेतातील एका निरुपयोगी वाटणाऱ्या दगडाने आपल्या प्रमुख पिकाच्या वंशावळीवर प्रकाश टाकला.

वस्तू सापडल्यास काय करावे?

1. त्या जागेवरील काम थांबवावे. वस्तू शक्यतो हलवू नये. आणखी खणू नये.
2. तोफगोळा, बॉम्ब किंवा तत्सम धातूची वस्तू असल्याचा संशय आल्यास स्पर्श न करता दूर जावे व 112 क्रमांकावर पोलिसांना कळवावे.
3. जागेवरच छायाचित्र घ्यावे. मापासाठी शेजारी पट्टी किंवा खुरपे ठेवावे.
4. गट क्रमांक, भ्रमणध्वनीवरील अक्षांश-रेखांश, पृष्ठभागापासूनची खोली, मातीचा रंग व पोत, तारीख यांची नोंद करावी.
5. वस्तू धुऊ, घासू किंवा तेल-शेंदूर लावू नये.
6. तलाठी किंवा तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. पुरावशेषांसाठी राज्य पुरातत्त्व विभाग, तर जीवाश्मांसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाशी संपर्क साधावा.

कायदा आणि शेतकऱ्याची भीती

वस्तू लपविली जाते ती बहुतेकदा भीतीपोटी. शेतात काही सापडले, एवढ्यानेच जमीन सरकारजमा होत नाही. 1958 च्या केंद्रीय पुरातत्त्व कायद्यानुसार एखादे स्थळ राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून संरक्षित करण्यापूर्वी सूचना काढावी लागते आणि हरकतींसाठी दोन महिन्यांचा अवधी असतो.

भारतीय गुप्तधन अधिनियम, 1878 अन्वये जमिनीत दडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या वस्तूची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. ती न देणे हा गुन्हा आहे. गुप्तधन बेवारस ठरल्यास आणि शोधणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसल्यास, तीन-चतुर्थांश हिस्सा शोधणाऱ्याचा व उरलेला मालकाचा असतो. शासनाने ते संपादित केल्यास वस्तूतील द्रव्याचे मूल्य आणि त्यावर एक-पंचमांश रक्कम दिली जाते. याउलट चोरून विक्री केल्यास हिस्सा जातोच, शिवाय शिक्षाही होऊ शकते.

शेतकरी मेळाव्यात किंवा शेतीशाळेत माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा हे आपण शिकवितो : जागा, खोली, तारीख यांची चिठ्ठी नसलेला नमुना प्रयोगशाळा स्वीकारत नाही. अनोळखी वस्तूलाही हाच नियम लागू आहे. त्याच सत्रात पाच मिनिटे या विषयाला दिली, तर पुढचे दायमाबाद आपल्या पूर्ण संदर्भासह नोंदले जाईल.