बाटली सीलबंद आहे. पण कपाटाची किल्ली कोणाकडे?

लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली पुरुषांच्या ९४ किलो वजनगटात भारोत्तोलनाची स्पर्धा झाली. कझाकस्तानचा इल्या इलिन पहिला आला. जगभरातील प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या, राष्ट्रगीत झाले, झेंडा वर गेला. चार वर्षांनंतर त्याच स्पर्धेतील गोठवून ठेवलेल्या नमुन्यांची फेरतपासणी सुरू झाली आणि एकेक नाव गळू लागले. पहिला बाद, दुसरा बाद, तिसरा बाद, चौथाही बाद. पहिल्या सातपैकी सहा जण अपात्र ठरले. पाचव्या क्रमांकावरचा इराणचा सईद मोहम्मदपूर सुवर्णपदकाचा मानकरी झाला. आठव्याला रौप्य मिळाले, नवव्याला कांस्य. हा नववा, पोलंडचा टोमाश झिएलिन्स्की, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्वतःच उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत सापडला आणि त्याला घरी पाठविण्यात आले.

आता आम्ही विचारतो, त्या रात्री लोकांनी नेमके काय पाहिले? खेळ पाहिला की नाटक? आणि ज्यांनी तिकीट काढून ते पाहिले, त्यांनी पुढच्या स्पर्धेवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या बळावर?

फेरतपासणीची पद्धत आधी समजून घेऊ. खेळाडूचे मूत्र दोन बाटल्यांत भरतात, 'अ' आणि 'ब'. 'अ' नमुन्यात दोष आढळला तर खेळाडूच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समक्ष 'ब' उघडण्याचा हक्क त्याला असतो. ऑलिंपिकचे नमुने स्पर्धेनंतर फेकून देत नाहीत; ते गोठवून वर्षानुवर्षे जपतात. कारण साधे आहे. औषध आज बाजारात येते आणि ते पकडण्याची विद्या उद्या येते. ट्युरिनाबॉलसारख्या स्टेरॉईडचा माग पूर्वी थोडेच दिवस लागत असे. २०१० नंतरच्या संशोधनाने शरीरात दीर्घकाळ रेंगाळणारे त्याचे अंश सापडले आणि तोच माग कित्येक आठवड्यांनीही लागू लागला. लंडनच्या नमुन्यांच्या फेरतपासणीतून अखेर ७३ प्रकरणे उघड झाली आणि ३१ पदके काढून घेतली गेली. प्रत्यक्ष स्पर्धेच्या काळात सापडलेले दोषी मोजकेच होते. म्हणजे पहिल्या चाचणीने ज्यांना 'स्वच्छ' म्हणून प्रमाणपत्र दिले, त्यांच्यातच खरे दोषी दडलेले होते.

यावर काही जण कायद्याचा आक्षेप घेतात. जुन्या कृत्याला नव्या फूटपट्टीने कसे मोजता? वकील म्हणून आम्हाला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. भारतीय संविधानाचे अनुच्छेद २०(१) सांगते की, कृत्य घडले तेव्हा जो कायदा अमलात होता, त्याच्या भंगाखेरीज कोणालाही दोषी ठरविता येणार नाही. हे तत्त्व आमच्या दृष्टीने अढळ आहे. परंतु फेरतपासणीने ते मोडत नाही. ट्युरिनाबॉल २००८ सालीही बंदी असलेलेच होते. नवी आहे ती तपासण्याची पद्धत. गुन्हा जुनाच आहे. खुनाच्या जुन्या खटल्यात आज डीएनए चाचणी झाली म्हणून कोणी खुनाचा कायदा नवा झाला असे म्हणत नाही. याउलट मेल्डोनियम या औषधावर १ जानेवारी २०१६ पासून बंदी आली. त्याआधीच्या नमुन्यात ते आढळले तर तो दोष ठरत नाही आणि ठरू नये. हा भेद पाळला, की फेरतपासणी न्याय्य आहे.

खरी गोम मुदतीत आहे, आणि ती आपल्या अंजू बॉबी जॉर्जच्या बाबतीत लख्ख दिसते. २००५ साली मोनॅकोतील जागतिक ॲथलेटिक्स फायनलमध्ये लांब उडीत अंजूला रौप्यपदक मिळाले. पहिली आली रशियाची तात्याना कोतोव्हा. त्याच वर्षी हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत घेतलेला कोतोव्हाचा नमुना २०१३ मध्ये पुन्हा तपासला गेला आणि दोषी निघाला. तिचे पुढील निकाल रद्द झाले व अंजूचे रौप्य सुवर्ण झाले. तेव्हा मुदत आठ वर्षांची होती. ती संपायला जेमतेम काही महिने उरले असताना हे घडले. थोडा आळस झाला असता, तर अंजू आजही दुसरीच असती.

आता दुसरी बाजू पाहा. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंजूने ६.८३ मीटर उडी मारली आणि ती सहावी आली. पुढे अमेरिकेच्या मेरियन जोन्सचे निकाल रद्द झाले आणि ती पाचवी झाली. पहिल्या तिन्ही रशियाच्या होत्या. त्यांपैकी कोतोव्हा हेलसिंकीच्या नमुन्यात सापडली. सुवर्णविजेती तात्याना लेबेदेवा हिची २००८ च्या बीजिंगमधील दोन रौप्यपदके फेरतपासणीनंतर २०१७ मध्ये गेली. अथेन्समध्ये त्यांनी काही घेतले होते असे आम्ही म्हणत नाही. पुरावा नसताना आरोप करणे आमच्या पेशाला शोभत नाही. पण पुरावा का नाही, हे विचारणारच. अथेन्सचे सुमारे शंभरच नमुने पुन्हा तपासले गेले आणि २०१२ मध्ये आठ वर्षांची मुदत संपली. ज्या पद्धतीने पुढे लेबेदेवा सापडली, ती पद्धत हाती येईपर्यंत अथेन्सचे दार बंद झालेले होते.

२०१५ पासून ही मुदत दहा वर्षांची झाली. ठीक आहे. पण आपला १९६३ चा मुदतीचा कायदा याहून शहाणा आहे. फसवणुकीच्या दाव्यात मुदत फसवणूक झाली त्या दिवसापासून सुरू होत नाही. ती उघडकीस आली त्या दिवसापासून सुरू होते, असे त्याचे कलम १७ सांगते. ज्याने फसवणूक लपविली त्याला लपवाछपवीचा फायदा मिळू नये, हा त्यामागचा न्याय. क्रीडासत्ताधीशांना हा न्याय का सुचू नये?

कारण उघड आहे. कपाटाची किल्ली ज्यांच्या हाती, त्यांचेच हितसंबंध त्यात गुंतलेले असतात. स्पर्धा भरविणारे तेच, प्रायोजक आणणारे तेच आणि कोणता नमुना कधी बाहेर काढायचा हे ठरविणारेही वर्षानुवर्षे तेच. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाचे माजी अध्यक्ष लामिन डियाक यांना रशियन खेळाडूंची प्रकरणे दडपण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल पॅरिसच्या न्यायालयाने २०२० मध्ये दोषी ठरविले. भारोत्तोलन महासंघाचे तमाश आयान वीस वर्षे अध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीतील ४० दोषी चाचण्या दडविल्या गेल्याचे २०२० च्या मॅकलारेन अहवालात नमूद झाले. कुंपणच शेत खाते, ते याहून वेगळे काय असते?

कोर्टात मुद्देमालाला फार महत्त्व असते. लाखेचे सील तुटलेले दिसले, मुद्देमाल कोणाच्या ताब्यात होता याची नोंद नसली, की आरोपी सुटतो. पण मुद्देमालाच्या खोलीचा रखवालदारच चोर निघाला तर? २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये हेच झाले. प्रयोगशाळेच्या भिंतीला उंदराच्या बिळाएवढे भोक पाडले होते. रात्री त्यातून बाटल्या पलीकडे जात. गुप्तचर खात्याची माणसे न उघडणारी झाकणे उघडत, आत आधीच साठवलेले स्वच्छ मूत्र भरत आणि बाटल्या परत ठेवत. हे जगासमोर मांडणारा प्रयोगशाळाप्रमुख ग्रिगोरी रॉडचेन्कोव्ह हाच ट्युरिनाबॉलचे दीर्घकाळ टिकणारे अंश शोधणाऱ्यांपैकीही एक! एका हाताने पकडण्याची विद्या शोधायची आणि दुसऱ्या हाताने चोराला वाट दाखवायची. नमुनाच बदललेला असेल तर तो शंभर वर्षे गोठवून काय उपयोग?

आपल्याकडेही स्थिती अभिमानाची नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यता २०१९ मध्ये निलंबित झाली आणि ती परत मिळायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. ५ हजारांपेक्षा अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत २०२३ साली दोषी नमुन्यांचे सर्वाधिक प्रमाण भारताचे होते, ३.८ टक्के. नियम असा की, शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. नियम कठोर असावा, याबद्दल वाद नाही. पण नोकरीच्या आशेने मैदानात उतरलेल्या शेतमजुराच्या पोराला प्रशिक्षक 'ताकदीचे इंजेक्शन' म्हणून काय टोचतो, हे त्या पोराला कोण सांगणार? चार वर्षांची बंदी पोरावर येते, प्रशिक्षक दुसरे पोर शोधतो. सापडलेला मासा लहान आणि जाळे विणणारा मोकळा, ही विषमता आम्हाला मान्य नाही.

आणि ज्याचे पदक चोरले गेले त्याचे काय? अमेरिकेचा गोळाफेकपटू ॲडम नेल्सन याला अथेन्सचे सुवर्णपदक २०१३ मध्ये मिळाले, तेही अटलांटा विमानतळावरच्या खाद्यपदार्थांच्या दुकानांजवळ. नऊ वर्षांत गेलेला मान, पुरस्कर्ते, उमेदीचा काळ कोणी परत केला? उशिरा मिळालेल्या न्यायाला किमान सन्मानाची तरी जोड हवी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अशा काही खेळाडूंना लोकांसमोर पदके दिली गेली. ती मेहेरबानी नव्हती. तो त्यांचा हक्क होता.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. नमुने जपणारी व तपासणारी यंत्रणा स्पर्धा भरविणाऱ्यांपासून पैशाने आणि नेमणुकीनेही वेगळी असावी. २०१८ पासून काम करणारी आंतरराष्ट्रीय चाचणी संस्था हे योग्य दिशेचे पाऊल आहे, पण एका पावलाने वाट सरत नाही. कोणत्या स्पर्धेचे किती नमुने पुन्हा तपासले, किती तपासले नाहीत आणि का, याचा हिशेब मुदत संपण्याआधी जाहीर व्हावा. आरोपी खेळाडूला 'ब' नमुना आणि प्रयोगशाळेची सर्व कागदपत्रे मिळावीत, कारण दहा वर्षांनी साक्षीदार मिळत नाहीत, कागदच बोलतात. आणि खेळाडूबरोबर त्याला औषध पुरविणारा प्रशिक्षक, डॉक्टर व पदाधिकारीही त्याच पिंजऱ्यात उभा राहावा.

लोकांचा क्रीडासत्तेवरचा अविश्वास हा लोकांचा दोष नाही. विश्वास मागून मिळत नसतो, हिशेब दाखवून तो मिळवावा लागतो. मैदान ही अशी जागा आहे जिथे बापाचे नाव, जात आणि पैसा बाजूला राहून माणसाची उडी तेवढी मोजली जावी. ती मोजपट्टीच खोटी ठरली, तर ज्याच्याजवळ अंगातल्या बळाखेरीज दुसरे काही नाही, त्यानेच सर्वांत अधिक गमावलेले असते.