एकट्या मनोविकारतज्ज्ञाचे अर्थकारण

कापसाची बाजारपेठ आणि कोळशाच्या खाणी यांमुळे वणी हे पैसा खेळणारे गाव समजले जाते. तथापि मनोविकारशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतलेला तरुण डॉक्टर अशा तालुक्याच्या गावी स्थिरावण्यास सहसा राजी नसतो. त्याच्या ठायी सेवाभाव नाही, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढणे सोपे असले, तरी न्याय्य नाही.

रुग्णांची वाण आहे असे मुळीच नाही. 2015-16 साली 12 राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, विकाराच्या प्रकारानुसार 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांवाचून राहत असल्याचे आढळले. यवतमाळ जिल्ह्याचे नाव तर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले. परंतु गरज आणि मागणी या भिन्न गोष्टी होत, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक तत्त्व येथे विसरले जाते. शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो कापूस विकल्यावर. त्याची उमेद खचते ती पुष्कळदा त्याआधी, उभे पीक डोळ्यांदेखत जाते तेव्हा. ज्यांची ऐपत आहे ते, ओळखीचे कोणी पाहील या धास्तीने, परस्पर नागपूर गाठतात. शल्यचिकित्सकाला शस्त्रक्रियेचे उत्पन्न असते. मनोविकारतज्ज्ञापाशी विकण्यासारखा असतो तो केवळ वेळ, आणि त्याची किंमत द्यायची समाजाला अद्याप सवय नाही.

उरला मार्ग सरकारी नोकरीचा. साडेपाच वर्षांचे वैद्यकीय व त्यावर तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण संपवून हा डॉक्टर तिशीच्या उंबरठ्यावर येतो. संसार नुकताच सुरू झालेला असतो. अशा वेळी रुग्णालयातील एकमेव पद त्याच्या वाट्याला आले, तर बाह्यरुग्ण विभाग, विषप्राशनातून वाचलेले रुग्ण, अपंगत्वाचे दाखले, न्यायालयातील साक्ष हे सर्व त्यालाच पाहावे लागते. सल्ला विचारावा असा ज्येष्ठ सहकारी जवळ नसतो. जिल्ह्याचे वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळला, सुमारे शंभर किलोमीटरांवर. त्याने आठ दिवसांची रजा घेतली, तर रुग्णाचे औषध खंडित होण्याची भीती. डॉक्टरची विश्रांती ही येथे चैन नव्हे. उपचाराचे सातत्यच तिच्यावर अवलंबून आहे. बंधपत्राच्या बळावर डॉक्टर आणता येतो, टिकवता येत नाही.

यावर उपाय म्हणजे पद एकट्याचे न ठेवता पथकाचे करणे. जेथे एक तज्ज्ञ मिळत नाही तेथे दुसरा कोठून आणावा, असा आक्षेप घेतला जाईल. तो वरवर बिनतोड वाटतो. परंतु पहिला टिकत नाही तो एकटा असल्यामुळेच. शिवाय प्रत्येक रुग्णाला तज्ज्ञच लागतो असे नाही. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पाने स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन समुपदेशनास जोडले; नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेल्याचे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसते. राज्य शासनाने 2015 साली 14 जिल्ह्यांसाठी आखलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातही आशा कार्यकर्त्यांना स्थान होतेच.

वणी, मारेगाव आणि झरी जामणी या तीन तालुक्यांसाठी मिळून दोन तज्ज्ञ, त्यांच्या हाताखाली समुपदेशक व परिचारिका, आळीपाळीची हक्काची रजा आणि महाविद्यालयातील ज्येष्ठांशी आठवड्याचा ठरलेला सल्ला, एवढी व्यवस्था शासनाच्या आवाक्याबाहेरची नाही. खर्च वाढेल हे खरे. परंतु दरवर्षी रिकामे होणारे पद आणि दर वेळी नव्या डॉक्टरपुढे आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगणारा रुग्ण, यांचा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून तो नसतो असे नव्हे.