इंग्रजीतील जर-तर : घोटाळा कोठे होतो?



नोकरीचा अर्ज असो, शिष्यवृत्तीचा फॉर्म असो की तोंडी मुलाखत, जर-तरच्या वाक्यावाचून कोणाचेही भागत नाही. अभ्यासिकेत येणाऱ्या मुलामुलींच्या वह्या तपासताना आम्हास असे दिसून आले की, स्पेलिंगपेक्षा या वाक्यांतच अधिक घोटाळा होतो. याचे कारण आळस नव्हे. फळ्यावर चार प्रकारांचे कोष्टक लिहून दिले जाते, ते पाठही होते. परंतु मराठीची मांडणी व इंग्रजीची मांडणी कोठे वेगळी होते, हे सहसा कोणी उलगडून सांगत नाही.

आपण मराठीत म्हणतो, "पाऊस पडला तर सभा सभागृहात होईल." पाऊस अजून पडायचा आहे, तरी 'पडला' हे रूप भूतकाळाचे! इंग्रजीत हे काम साधा वर्तमानकाळ करतो : "इफ इट रेन्स, द मीटिंग विल बी हेल्ड इन द हॉल." आपली मुले येथे दोन बाजूंनी घसरतात. काही जण 'पडला' पाहून 'इफ इट रेन्ड' लिहितात, तर काही जण गोष्ट उद्याची म्हणून 'इफ इट विल रेन' लिहितात. 'विल'ची जागा दुसऱ्या अर्ध्या वाक्यात आहे, हे ध्यानात ठेवावे. (विनंती करताना मात्र "इफ यू विल वेट हिअर" असे म्हटलेले चालते. तेथे 'विल'मध्ये काळ नसून सौजन्य आहे.) तसेच आपल्या 'तर'साठी दर वेळी 'देन' घालण्याची गरज नाही, स्वल्पविराम पुरतो.

जे नेहमीच घडते तेथे दोन्हीकडे वर्तमानकाळ : "इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स." यात कोणी फारसे चुकत नाही.

खरी अडचण आहे ती 'असता'ची. मराठी व्याकरणात आपण याला संकेतार्थ म्हणतो. ही दोन वाक्ये पाहा : "मला पंख असते तर मी उडालो असतो." "मी फॉर्म वेळेवर भरला असता तर मला शिष्यवृत्ती मिळाली असती." मराठीत दोहोंचा शेवट एकाच वळणाचा आहे. इंग्रजी मात्र येथे विचारते, ही आजची कल्पना की कालची हुकलेली संधी? आजची कल्पना असेल तर "इफ आय हॅड विंग्ज, आय वुड फ्लाय." हुकलेली संधी असेल तर "इफ आय हॅड सबमिटेड द फॉर्म इन टाइम, आय वुड हॅव गॉट द स्कॉलरशिप." पहिल्या वाक्यात 'हॅड' एकटा आहे, दुसऱ्यात त्याच्यासोबत 'सबमिटेड' आहे आणि पुढे 'वुड हॅव' आले आहे. मूळ मराठी वाक्याच्या शेवटाकडे पाहून हा निर्णय होत नाही, अर्थ पाहूनच करावा लागतो.

मुलाखतीत हे फार महत्त्वाचे ठरते. "इफ यू वेअर द कलेक्टर, व्हॉट वुड यू डू?" असे विचारले असता आपला उमेदवार "आय विल ओपन अ लायब्ररी" असे उत्तर देतो. विचार उत्तम, पण प्रश्न कल्पनेचा आहे, म्हणून "आय वुड ओपन" हवे. 'इफ आय वॉज' बोलण्यात ऐकू येते. अर्जात व परीक्षेत 'इफ आय वेअर' लिहावे.

'अनलेस'च्या पोटातच नकार आहे. त्यापुढे 'डू नॉट' लिहिले की अर्थ उलटतो.

कायद्याच्या भाषेत अट 'प्रोव्हायडेड दॅट' या शब्दांनी येते. मराठीत अशा भागास 'परंतुक' म्हणतात. भारतीय संविधानाचे कलम 3 इंग्रजीत काढून वाचा. नवे राज्य निर्माण करण्याचा व राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेस आहे; मात्र राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून असे विधेयक मांडता येत नाही, ही अट परंतुकात आहे. नेमणुकीच्या पत्रांतही हे शब्द आढळतात. तेथे घाईने सही करू नये.

आता सराव. उत्तरे झाकून आधी स्वतः लिहावे.

1. तू बोलावलेस तर मी येईन. 2. मी गावात राहत असतो तर रोज आलो असतो. 3. त्याने औषध घेतले असते तर तो बरा झाला असता. 4. तू सही केली नाहीस तर अर्ज स्वीकारला जाणार नाही.

उत्तरे : 1. इफ यू कॉल मी, आय विल कम. 2. इफ आय लिव्ह्ड इन द व्हिलेज, आय वुड कम एव्हरी डे. 3. इफ ही हॅड टेकन द मेडिसिन, ही वुड हॅव रिकव्हर्ड. 4. अनलेस यू साइन, द ॲप्लिकेशन विल नॉट बी ॲक्सेप्टेड.

दुसरे वाक्य आजच्या स्थितीविषयी आहे असे आम्ही धरले आहे. ते गेल्या वर्षाविषयी असेल, तर 'हॅड लिव्ह्ड' आणि 'वुड हॅव कम' असे लिहावे लागेल.