वेतनाला कमाल मर्यादा. हमीला किमान मर्यादा का नाही?

फुटबॉल क्लबांच्या खर्चाला लगाम हवा, याविषयी दुमत नाही. मात्र खेळाडूला दिलेले वचन पाळले जाईल याची तजवीज न करता नुसती वेतनमर्यादा घातली, तर काय होते हे भारतीय फुटबॉलने अलीकडेच अनुभवले आहे.

८ डिसेंबर २०२५ रोजी एक करार संपला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याचे व्यावसायिक भागीदार यांच्यात २०१० च्या डिसेंबरात झालेला हा करार पंधरा वर्षांचा आणि ७०० कोटी रुपयांचा होता. त्याच्याच पायावर २०१४ मध्ये आठ संघांची इंडियन सुपर लीग उभी राहिली. या कराराला मुदतवाढ मिळणार की नाही, हे स्पष्ट होत नसल्याने जुलै २०२५ मध्येच पुढील हंगाम स्थगित झाला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने आपल्या पहिल्या संघाचे खेळाडू व कर्मचारी यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबविले. नोव्हेंबरमध्ये नव्या भागीदारासाठी काढलेल्या निविदेला एकही बोली आली नाही. अखेर ६ जानेवारी २०२६ रोजी केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ क्लबांच्या आखूड हंगामाची घोषणा केली.

या घडामोडींची चर्चा बहुतांशी महासंघाचा कारभार आणि सर्वोच्च न्यायालयातील खटला यांभोवती फिरली. त्यात एक साधी विसंगती दुर्लक्षित राहिली. खेळाडूंशी दोन-तीन वर्षांचे करार करणाऱ्या क्लबांची भिस्त ज्या लीगवर होती, तिचा स्वतःचा करार त्याआधीच संपणार होता. ही तारीख पंधरा वर्षे आधी ठाऊक होती. तरीही करार होत राहिले आणि वाढविले जात राहिले. शासकीय वित्तव्यवहारात असा प्रस्ताव पुढे आला असता, तर पुढील वर्षांच्या दायित्वासाठी तरतूद कोठे आहे, हा प्रश्न कनिष्ठ लेखाधिकाऱ्यानेही विचारला असता.

मर्यादेचे गणित

सुपर लीगमध्ये प्रत्येक क्लबाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आहे. पूर्वी ती साडेसोळा कोटी रुपये होती. २०२४-२५ च्या हंगामासाठी ती १८ कोटी करण्यात आली. हे बंधन आवश्यक का, हे समजण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा फगवाड्याचा जेसीटी संघ २०११ मध्ये बंद झाला. २००५-०६ ची लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्रा युनायटेड त्याच सुमारास इतिहासजमा झाला. २०१६ मध्ये गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली. प्रेक्षक व प्रक्षेपण यांतून मिळणारे उत्पन्न तुटपुंजे आणि मालकाच्या उत्साहावर चालणारा खर्च मोठा, अशी स्थिती असलेल्या खेळात मर्यादा ही मालकाला त्याच्याच हौसेपासून वाचविणारी तरतूद असते.

पण मर्यादेच्या आत संघ चालविणे म्हणजे काय, याची कल्पना एका काल्पनिक उदाहरणावरून येईल. समजा, १८ कोटींपैकी आठ कोटी सहा परदेशी खेळाडूंवर खर्च झाले. उरलेल्या दहा कोटींत वीस भारतीय खेळाडू बसवायचे, म्हणजे सरासरी पन्नास लाख. त्यातील एक एकवीस वर्षांचा बचावपटू तीस लाखांवर खेळतो आणि त्याच्या कराराचे शेवटचे वर्ष सुरू आहे. ‘फिफा’च्या नियमानुसार कराराच्या अखेरच्या सहा महिन्यांत तो दुसऱ्या क्लबाशी परस्पर बोलणी करू शकतो आणि मुदत संपताच विनामोबदला निघून जाऊ शकतो. प्रतिस्पर्धी क्लब त्याला दीड कोटी देऊ करतो. त्याला टिकवायचे तर वरचे एक कोटी वीस लाख आणायचे कोठून? तीस-तीस लाखांच्या चार राखीव खेळाडूंना निरोप द्यायचा, की ज्याला आपण घडविले त्यालाच जाऊ द्यायचे?

मुदतवाढीचा निर्णय म्हणूनच नव्या खरेदीपेक्षा अवघड असतो. लवकर मुदतवाढ दिली, तर दुखापत किंवा घसरण यांची जोखीम क्लबाच्या माथी येते. उशिरा दिली, तर किंमत खेळाडू ठरवितो. या कोंडीवर उपाय म्हणून लीगने २०२४-२५ मध्ये दोन खेळाडूंपर्यंतच्या मुदतवाढीचे करार वेतनमर्यादेतून वगळण्याची मुभा दिली. संघात सातत्य राहावे, हा हेतू रास्त आहे. पण राज्यांच्या अर्थसंकल्पांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. वित्तीय उत्तरदायित्व कायदा २००३ मध्ये आला, वित्तीय तुटीचे लक्ष्य तीन टक्के ठरले आणि पाठोपाठ अर्थसंकल्पाबाहेरील कर्जांची वाट रुळली. भारतीय अन्न महामंडळाने राष्ट्रीय अल्पबचत निधीतून घेतलेली कर्जे कित्येक वर्षे तुटीच्या आकड्यात दिसत नव्हती. २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात केंद्राने ही पद्धत थांबविली. मर्यादेबाहेर ठेवलेला रुपया खर्चाबाहेर जात नाही, हा त्यातला धडा आहे. दोन खेळाडूंचे वेतन गणनेतून वगळले, तरी महिनाअखेरीस ते द्यावेच लागते.

दोन देशांचे दोन धडे

वेतनमर्यादेचा इतिहास जुना आहे. इंग्लंडमध्ये १९०१ पासून फुटबॉलपटूच्या वेतनावर आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा होती. मैदाने ओसंडून वाहत असतानाही ही मर्यादा उत्पन्नाच्या मानाने वाढली नाही. १९६१ मध्ये ती रद्द झाली, तेव्हा अवघ्या वीस पौंडांवर होती. परिणाम अपेक्षितच होता. १९०६ मध्ये मँचेस्टर सिटीचे सतरा खेळाडू मर्यादेपेक्षा अधिक पैसे घेतल्याबद्दल निलंबित झाले. १९५७ मध्ये सुंदरलँड क्लबाला अशाच छुप्या देयकांबद्दल मोठा दंड झाला. याहून जाचक होती ती ‘राखून ठेवण्याची’ पद्धत. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबाकडेच राहत असे. त्यामुळे मुदतवाढ नाकारणाऱ्याला दुसरीकडे खेळता येत नसे. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमने याला आव्हान दिले आणि १९६३ मध्ये न्या. विल्बरफोर्स यांनी ही पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध ठरविली. पुढे १९९५ मध्ये बॉसमन खटल्यात युरोपीय न्यायालयाने कराराच्या समाप्तीनंतरचे हस्तांतरण शुल्कही मोडीत काढले. आज मुदतवाढीला जे महत्त्व आहे, ते या निकालांमुळे.

दुसरा धडा अमेरिकेचा. तेथील फुटबॉल हा वेगळा खेळ असला, तरी वेतनमर्यादेचे शास्त्र तेथे सर्वाधिक विकसित झाले आहे. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये १९९४ साली प्रत्येक संघाला सुमारे ३.४६ कोटी डॉलरची मर्यादा लागू झाली. २०२५ मध्ये ती २७.९२ कोटी डॉलर होती. ही वाढ कोणाच्या मर्जीने झालेली नाही. खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यातील सामूहिक करारात लीगच्या उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा ठरलेला असतो आणि मर्यादा त्यातून निघते. संघांनी किमान किती खर्च केलाच पाहिजे, याचीही अट असते. कमाल आणि किमान या दोन्ही रेषा एकाच दस्तऐवजात आहेत.

अर्थात, तेथेही पळवाटा आहेत. करार करताना दिलेली मोठी रक्कम हिशेबात पाच वर्षांपर्यंत विभागून दाखविता येते. त्यामुळे आजचा खर्च उद्याच्या मर्यादेवर ढकलता येतो. पण खेळाडूला मध्येच सोडले, तर उरलेला बोजा अंगावर येतो. डेन्व्हर संघाने सप्टेंबर २०२२ मध्ये रसेल विल्सन या खेळाडूला, तो त्यांच्याकडून एकही अधिकृत सामना खेळण्यापूर्वीच, पाच वर्षांची मुदतवाढ दिली. मार्च २०२४ मध्ये त्यांनी त्याला सोडले आणि संघात नसलेल्या माणसापोटी सुमारे साडेआठ कोटी डॉलर दोन हंगामांच्या हिशेबात सोसले. चुकीचा निर्णय झाला, पण त्याची किंमत मालकाच्या खात्यावर, सर्वांना दिसेल अशी पडली. आपल्याकडे अशा चुकीची किंमत बहुधा खेळाडूच्या खात्यावर पडते.

वचन आणि भरणा

हैदराबाद एफसीने २०२१-२२ मध्ये, फातोर्डा येथील अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून सुपर लीग जिंकली. वेतनमर्यादा तेव्हाही लागू होती. दोनच वर्षांत त्या क्लबाकडे वेतनाची थकबाकी साठली, नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी आली आणि विजेत्या संघातील बहुतेक खेळाडू पांगले. पुढे मालकी बदलली आणि २०२५ मध्ये क्लबाचे स्थलांतर दिल्लीला झाले. आज तो त्या नावाने त्या शहरात उरलेला नाही. मर्यादेने क्लबाने किती वचन द्यावे, हे ठरविले होते. दिलेले वचन पाळण्याची ऐपत आहे का, याची शहानिशा वेळेत झाली नाही.

पूर्वीची व्यवस्था गरीब होती, पण तिच्यात एक आधार होता. १९५८ ची कोलकाता लीग जिंकणाऱ्या ईस्टर्न रेल्वेचे पी. के. बॅनर्जी असोत की केरळ पोलिसांकडून खेळलेले आय. एम. विजयन, खेळाडूची खरी हमी नोकरीत होती. मुंबईत टाटा, मफतलाल यांचे संघ याच तत्त्वावर चालले. मैदानावरचे पैसे थोडे, पण गुडघा गेला तरी चूल विझत नसे. नव्या व्यवस्थेने वेतन कितीतरी पटींनी वाढविले आणि नोकरीची जागा कराराने घेतली. हा बदल स्वागतार्हच आहे. मात्र नोकरीमागे संस्था उभी असे. करारामागे कोण उभे आहे, हे कोणी विचारले नाही.

सेवेत असताना एका राज्याच्या क्रीडा वसतिगृहातील प्रशिक्षकांच्या मुदतवाढीची नस्ती दरवर्षी माझ्या मेजावर येत असे. अकरा महिन्यांचा करार, एका दिवसाचा खंड, पुन्हा अकरा महिने. एका वर्षी निधी वितरणाचा आदेश निघण्यास पाच महिने लागले आणि प्रशिक्षक बिनपगारी मुलांना शिकवीत राहिले. त्यांतील एकाने मला विचारले होते, “साहेब, करारावर दोन सह्या असतात ना? मग मोडायचा हक्क एकालाच कसा?” माझ्याकडे उत्तर नव्हते. नस्तीवर ‘तात्काळ’ असा शेरा मारून मी ती पुढे पाठविली. सुपर लीगमधील खेळाडूची मिळकत त्या प्रशिक्षकाच्या कित्येक पट असेल; त्याचा प्रश्न मात्र तोच आहे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, वेतनमर्यादा ठोकळ आकड्यावर न ठेवता लीगच्या व क्लबाच्या लेखापरीक्षित उत्पन्नाशी जोडली पाहिजे. उत्पन्न घटले, तर मर्यादाही खाली यावी. अप्रिय असले, तरी हे न देता येणाऱ्या वेतनाच्या वचनापेक्षा प्रामाणिक आहे. दुसरी, प्रत्येक हंगामापूर्वी क्लबाने किमान काही महिन्यांच्या वेतनाइतकी बँक हमी ठेवावी आणि थकबाकी झाल्यास त्यातून थेट भरणा व्हावा. बांधकाम कंत्राटदाराकडून आपण सुरक्षा ठेव घेतो. क्लबाकडून घेण्यात कसली अडचण? तिसरी, मर्यादेतून वगळलेल्या मुदतवाढींची एकूण रक्कम तरी जाहीर व्हावी. सवलत असू द्या, पण ती ताळेबंदात दिसू द्या.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मर्यादा ठरविताना खेळाडूंची संघटना टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली पाहिजे. एका बाजूने लादलेली मर्यादा आपल्या कायद्याच्या कसोटीवर किती टिकेल, हाही प्रश्न आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २७ व्यवसायावरील निर्बंध निरर्थक ठरविते. याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये झहीर खान प्रकरणात, करार संपल्यानंतरही खेळाडूला बांधून ठेवू पाहणारी व्यवस्थापन कंपनीची अट अमान्य केली. तो खटला वेतनमर्यादेचा नव्हता, हे खरे. पण मुदतवाढीच्या नावाखाली एकतर्फी हक्क राखू पाहणाऱ्या प्रत्येक क्लबाने तो वाचावा असा आहे. परस्परसंमतीने ठरलेली मर्यादा न्यायालयातही अधिक भक्कम ठरेल.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. संघटनांच्या निवडणुकांचे वाद तेथे जातीलच. पण एखाद्या बावीस वर्षांच्या खेळाडूच्या सहा महिन्यांच्या थकीत वेतनाचा प्रश्न त्याची उमेदीची वर्षे संपण्याआधी निकाली काढण्याची कालबद्ध वाट भारतीय क्रीडाव्यवस्थेत कोठे तरी असली पाहिजे. फुटबॉलपटूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची असते. आपल्याकडील दिवाणी दावा त्याहून लांबू शकतो.

नव्या व्यावसायिक भागीदाराचा शोध आज ना उद्या संपेल आणि नवा दीर्घ करार होईल. त्या करारात महासंघाला किती आणि भागीदाराला किती, हे बारकाईने लिहिले जाईल. क्लबांनी खेळाडूंना दिलेली वचने त्या कराराच्या मुदतीत बसतात की नाही आणि न बसल्यास भरणा कोण करील, यासाठी त्यात एक कलम राखून ठेवावे. गेल्या वेळी ते कलम नव्हते आणि त्याची किंमत मैदानावरच्या माणसांनी मोजली.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून इतिहासाचे अभ्यासक आहेत. मूळ इंग्रजी लेखाचा अनुवाद.)