भात्यात दुमडलेली पोकळी

नवघरहून भाईंदर स्थानक गाठून वसईच्या किल्ल्यावर फोटो काढायला जायचे, तर लोकलच्या गर्दीत जाडजूड मिडियम फॉरमॅट कॅमेरा अडचणीचा होतो. खरे तर त्या जाडीत बरीचशी नुसती पोकळी असते. १२० फिल्मवरची चौरस चौकट ५६ मिमीची, म्हणजे क्षेत्रफळात ३५ मिमी फिल्मच्या चौकटीच्या साडेतीन पटींहून मोठी. तिच्या साध्या लेन्सचे नाभीय अंतर सुमारे ८० मिमी, त्यामुळे लेन्स फिल्मपासून साधारण तेवढी दूर हवीच. आरशाच्या कॅमेऱ्यात ही जागा मिटत नाही. घडीच्या कॅमेऱ्यात मात्र पेटीसारखा भाता ती मिटवतो. १९३० च्या दशकातला झाइस इकॉनचा सुपर इकॉन्टा त्यामुळेच कोटाच्या खिशात मावे. १९८९ च्या मामिया ६ मध्ये लेन्सचा माउंटच आत सरकतो, शिवाय लेन्सही बदलता येतात. मला ही रचना सर्वांत हुशार वाटते.

पण लेन्स फिल्मला तंतोतंत समांतर उभी राहिली नाही, तर फोटोची एक कड धूसर होते. भात्याच्या कोपऱ्याला टाचणीएवढे भोक पडले तरी फिल्मवर प्रकाश झिरपतो. आणि असा कॅमेरा हळूच उघडावा. झटक्याने उघडला तर आतला हवेचा दाब घटतो आणि फिल्म पुढे ओढली जाते. म्हणून आधी कॅमेरा उघडावा, मगच फिल्म पुढे गुंडाळावी.