सर्व्हर उठत नाही तेव्हा

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. लाइन जाते, मागोमाग मोबाइलची रेंज जाते. गडचिरोली शहर तिथून दीडशे किलोमीटरहून लांब. पाणी उतरल्यावर एखाद्या दवाखान्यात किंवा ग्रंथालयात संगणक सुरू करावा, तर नोंदी सांभाळणाऱ्या डेटाबेसची सेवा सुरू होऊ शकली नाही असा संदेश येतो. तंत्रज्ञ लगेच पोहोचणं शक्य नसतं. मग फोनवर सल्ला मिळतो: सगळं काढा आणि परत इन्स्टॉल करा. माझ्या मते खरं नुकसान इथून सुरू होतं.

अचानक वीज गेल्यानं डेटाबेस सहसा मरत नाही; त्या प्रसंगाची तयारी त्याच्या रचनेतच असते. दुकानदार आधी रोजकीर्दीत लिहितो आणि सवडीनं खतावणीत उतरवतो, तसा डेटाबेस प्रत्येक बदल आधी लॉग फाइलीत नोंदवतो आणि नंतर मूळ तक्त्यात. पुन्हा सुरू होताना तो लॉग वाचतो, पूर्ण झालेले व्यवहार तक्त्यात उतरवतो, अर्धवट राहिलेले मागे घेतो. आयबीएममधले भारतीय संशोधक सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ‘एरीज’ या नावानं ही पद्धत सविस्तर मांडली, आणि आजचे कितीतरी डेटाबेस कमीअधिक फरकानं त्याच वाटेनं सावरतात. या कामाला कधी काही मिनिटं लागतात. घाईनं मध्येच बंद करायचं बटण दाबलं, तर पुढच्या वेळी ते काम परत करावं लागतं.

तरीही डेटाबेसचा सर्व्हर उठला नाही तर? अनेकदा गोष्ट फोल्डरच्या पत्त्यावर येऊन अडते. विंडोजवर मायएसक्यूएल हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर नेहमीच्या पद्धतीनं बसवलं, तर प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये जातो आणि नोंदी ‘प्रोग्रामडेटा’ या फोल्डरमध्ये. हा दुसरा फोल्डर लपवलेला असतो, त्यामुळे वर्षानुवर्षं संगणक वापरणाऱ्यालाही तो माहीत नसतो. नवी आवृत्ती बसवली की ती स्वतःचा नवा, रिकामा डेटा फोल्डर तयार करते. सर्व्हर सुरू होतो, पण तक्ते दिसत नाहीत, आणि माणूस समजतो की सगळं बुडालं. जुन्या नोंदी बहुधा शेजारच्याच फोल्डरात शाबूत असतात! डेटाबेस ‘झॅम्प’ या तयार संचातून बसवला असेल, तर मात्र वेगळं आहे. तिथं डेटा प्रोग्रामच्याच पोटात असतो, म्हणून तो फोल्डर उडवला की नोंदीही गेल्या.

सेटिंगच्या ‘माय डॉट आयएनआय’ फाइलीतही सापळे आहेत. तिच्यात पत्ता लिहिताना उलटी तिरकी रेघ आणि तिच्या लगेच पुढे ‘एस’ हे इंग्रजी अक्षर आलं, तर मायएसक्यूएल त्या जोडीला रिकामी जागा समजतं. ‘एन’ आलं तर नवी ओळ. म्हणून पत्त्यात सरळ तिरकी रेघ वापरावी. नोटपॅडमध्ये ही फाइल जतन करताना सुरुवातीला एक अदृश्य खूण घुसली, तरी सर्व्हर पहिल्याच ओळीवर थांबतो. याशिवाय डिस्क भरलेली असणं, फोल्डरची परवानगी नसणं, किंवा एकाच संगणकावरच्या दोन सॉफ्टवेअरनी ३३०६ हाच पोर्ट मागणं, हीही नेहमीचीच कारणं.

यातलं नेमकं काय घडलं, हे सर्व्हर स्वतः लिहून ठेवतो. डेटा फोल्डरात संगणकाच्या नावाची, ‘ईआरआर’ शेपटीची फाइल असते. तिच्या शेवटच्या वीस-तीस ओळी वाचाव्यात आणि रेंज आल्यावर त्यांचा फोटो जाणकाराला पाठवावा. पण त्याआधी सेवा पूर्ण बंद करून अख्खा डेटा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा. आदिवासी पाड्यावरच्या बाळाच्या लसीची नोंद दुसरीकडे कुठंच नसेल, तर ही अर्ध्या तासाची नक्कल सोडून चालणार नाही. पुढं जबरदस्तीनं सावरण्याची सोय वापरावी लागली, तर ती १ या पातळीपासून सुरू करावी. ४ आणि त्यापुढच्या पातळ्या नोंदी कायमच्या बिघडवू शकतात, म्हणून त्या फक्त नकलेवरच चालवाव्यात.